बोटाला पेलेल असा स्विच

धम्मपाल ओव्हाळ राहायला कासारवाडीला आणि कामाला कुरुळीला. चाकणच्या मोटार कंपन्यांना पत्र्याचे भाग बनवून देणाऱ्या एका प्रेस-शॉपमध्ये तो इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला होता. वय एक्केचाळीस, बोलणं कमी, हात बारीक कामाला सरावलेला. बंद पडलेलं मशीन त्याच्यापाशी गेलं की चालू होतं, असं शेडमधली माणसं म्हणत आणि ते खरंही होतं. पण ऑक्टोबरपासून हाच माणूस सात नंबरच्या प्रेससमोरून जायचं टाळू लागला. तिथलं काम निघालं की जोडीदाराला पाठवायचा. कॅन्टीनला जाताना शेडला पूर्ण वळसा घालायचा.

झालं होतं असं. सात नंबरच्या तोंडाशी एक सेन्सर होता. कामगाराचा हात आत गेला की तो प्रेस जागच्या जागी थांबवायचा. तेलाच्या वाफेनं त्याच्या काचा माखायच्या आणि मग कुणाचा हात आत नसतानाही मशीन थांबायचं. एका गुरुवारी ते अकरा वेळा थांबलं. तेव्हा सुपरवायझर नवनाथ त्याच्याकडे आला.

"ओव्हाळ, जंपर टाक राव. सोमवारी नवा सेन्सर येतोय. तीन दिवसांचा तर प्रश्न आहे."

"सेन्सर बंदच करायचा म्हणता? मग लेखी द्या."

"लेखी कसलं मागतोस भावा? वरून फोनवर फोन चालू आहेत. माल नाही गेला तर तिकडची लाइन उभी राहील."

धम्मपालनं वीतभर वायर घेतली आणि पॅनेलमधले दोन टर्मिनल एकमेकांना जोडून टाकले. पाच मिनिटांचं काम. सेन्सर जागेवर होता, त्याचा दिवाही लागत होता, फक्त त्याचं म्हणणं आता मशीनपर्यंत पोचत नव्हतं. शुक्रवारी प्रेस एकदाही थांबली नाही. नवनाथनं त्याला चहा पाजला.

शनिवारी सकाळच्या शिफ्टला ठेकेदाराकडून आलेली वर्षाली शेवकरी सात नंबरवर होती. डायमध्ये, म्हणजे पत्रा दाबणाऱ्या साच्यात, एक तुकडा अडकला. तो काढायला तिनं उजवा हात घातला आणि पाय पेडलवरच राहिला. मधलं बोट, त्याच्या शेजारचं आणि करंगळी, अशी तीन बोटं गेली. तर्जनी वाचली, पण तिची आतली शीर तुटली होती. ती शिवावी लागली.

सोमवारी नवा सेन्सर खरंच आला. धम्मपालनंच तो बसवला आणि जंपर काढून टाकला. दुपारी ऑफिसात त्याच्यापुढे एक कागद ठेवला गेला. अपघाताच्या वेळी सेन्सर चालू स्थितीत होता आणि कामगारानं तो चुकवून बाजूनं हात घातला, असं त्यात लिहिलं होतं. खाली 'मेंटेनन्स' असं छापलेल्या जागेवर त्यानं सही केली. पेन नवनाथनं पुढे केलं होतं.

घरी त्यानं अपघात झाला एवढंच सांगितलं. त्याची बायको दीक्षा महापालिकेच्या शाळेत शिकवायची. ती हळहळली. त्या बाईला लहान मूल आहे का, असं तिनं विचारलं. चार वर्षांची मुलगी होती. पुढच्या रविवारी दोघं नेहमीसारखी विहारात गेली. पंचशील म्हणताना खोटं न बोलण्याच्या शीलापाशी धम्मपालचे ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. त्यानंतर दर रविवारी त्याला काही ना काही काम निघू लागलं.

नोव्हेंबरात तो फळं घेऊन कुरुळीत वर्षालीच्या घरी गेला. जायचं धाडस करायला त्याला पाच आठवडे लागले होते. कंपनीनं तिला निरोप पाठवला होता. स्टोअरमध्ये कॉम्प्युटरवर नोंदी करायचं काम देऊ, पण जानेवारीअखेर टायपिंगची परीक्षा होईल, वेग आला तर ठेवू. वर्षाली बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत शिकलेली होती. ती हो म्हणाली होती. धम्मपाल आत गेला तेव्हा ती शेजाऱ्यांकडून आणलेल्या जुन्या कॉम्प्युटरवर सराव करत होती.

"या दादा," ती म्हणाली. "बघा ना, डावा हात पळतो. हे बोट मात्र वीस-पंचवीस अक्षरांत सुजतं. डॉक्टर म्हणतात, वापरलं नाही तर आखडेल. वापरलं तर हे असं."

तिनं तर्जनी पुढे केली. बोट लाल झालं होतं आणि सरळ राहत नव्हतं.

तिची सासू केसरबाई दारात तांदूळ निवडत होती. "कंपनीतून तुमीच आलात बघा," ती म्हणाली. "बाकी कुनी फिरकलं न्हाई. भला मानूस हाय हा, वर्षे. त्येला च्या ठेव."

वर्षालीनं डाव्या हातानं गॅस पेटवला. धम्मपाल तो चहा कसाबसा प्यायला आणि निघाला. बसमध्ये त्याच्या डोळ्यांपुढून ते लाल बोट हलेना.

त्या आठवड्यात तो मोबाइलवर शोधत राहिला. हौशी लोक स्वतःचे कीबोर्ड स्वतः बनवतात हे त्याला तेव्हा कळलं. काही कीबोर्ड तर अख्खे नसतातच. चार-सहा बटनांचे लहान लहान ठोकळे असतात, ते हाताच्या ठेवणीप्रमाणे हवे तिथे मांडायचे आणि एका वायरनं जोडायचे. धम्मपालच्या डोक्यात एकदम उजेड पडला. डाव्या हाताला जास्त बटनं द्यायची. उजव्या हाताला अंगठा आणि तर्जनी पोचेल तेवढीच. सारखी लागणारी अक्षरं डावीकडे न्यायची. सर्किट, वायरिंग, प्रोग्रॅम यातलं त्याला काही अवघड नव्हतं. जे येत नव्हतं ते शिकता येण्यासारखं होतं.

पुढच्या शनिवारी त्यानं वर्षालीचे दोन्ही हात कागदावर ठेवून पेन्सिलीनं आखून घेतले. मग पुठ्ठ्याचे ठोकळे कापून ते तिच्या बोटांखाली सरकवत बसला. वर्षालीची मुलगी ठोकळ्यांवर रंगीत खडूनं अक्षरं काढत होती. खूप दिवसांनी त्या घरात कुणी हसलं. धम्मपाल मात्र हसू शकला नाही.

सगळं घोडं अडलं ते स्विचपाशी. प्रत्येक बटनाखाली एक नखाएवढा स्विच असतो, त्यात एक बारीक स्प्रिंग असते आणि ती दाबायला जेवढा जोर लागतो तेवढाच जोर बोटाला सोसावा लागतो. धम्मपालनं स्टोअरमधल्या बारीक वजनकाट्यावर साधा स्विच ठेवून दाबून पाहिला. काटा साठ ग्रॅमच्या वर गेल्यावर बटन लागलं. मग तोच काटा मागून घेऊन तो कुरुळीला गेला आणि त्यावर वर्षालीला बोट टेकवायला सांगितलं. तीस ग्रॅमच्या आत ती सहज दाबत होती. पस्तिसाला तिचा ओठ दातांखाली गेला.

"तीसच्या खाली," त्यानं वहीत लिहिलं.

आधी तो पुण्यात विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीत गेला. तीन-चार दुकानं पालथी घातली. दुकानदारांनी त्याला लिफ्टची बटनं दाखवली, पॅनेलची दाखवली, एकानं तर दाराच्या घंटेचं बटन पुढे केलं. "कीबोर्डचा स्विच सुटा कोण घेतो साहेब?" तो म्हणाला. "अख्खा कीबोर्ड घ्या ना, नवा."

मग त्यानं ऑनलाइन मागवले. विकणाऱ्यानं पस्तीस ग्रॅम असं ठळक लिहिलं होतं. पस्तीस तर पस्तीस, आत काही करता येईल, असा विचार त्यानं केला. पिशवीत सत्तर स्विच आले. काट्यावर पहिला एकसष्ट निघाला, दुसरा अठ्ठावन्न, तिसरा चौसष्ट. विकणाऱ्याला केलेले मेसेज वाचले गेले, उत्तर आलं नाही.

तोवर डिसेंबर उजाडला होता. इंटरनेटवरच्या एका गटात त्यानं आपली अडचण लिहिली. ओजस नावाच्या मुलानं उत्तर दिलं. हिंजवडीत आयटी कंपनीत होता, शेजारच्या माण गावात राहायचा आणि कीबोर्डच्या नादानं पार वेडा झालेला होता. त्याच्या फ्लॅटमध्ये एक कपाट नुसतं स्विचनी भरलेलं होतं. त्यानं कौतुकानं एकेक खण उघडून दाखवला.

"इतके हलके तयार मिळतात दादा, पण ते परदेशातून. आम्ही बरेच जण मिळून ऑर्डर टाकतो. मागची ऑर्डर चार महिन्यांनी आली. कधी कस्टममध्येच अडकते."

"माझ्याकडे दीड महिना आहे."

ओजसनं डोकं खाजवलं. मग चिमट्यासारखं एक हत्यार घेऊन त्यानं एक स्विच उघडला आणि आतली स्प्रिंग धम्मपालच्या तळहातावर टाकली. केसाच्या वेटोळ्यासारखी होती ती.

"स्विच तुमच्याकडचेच वापरा. जोर सगळा हिच्यात असतो. ही बदलली तर झालं. पण एवढी हलकी स्प्रिंग मिळणार कुठे, हा प्रश्न आहे."

धम्मपाल आयुष्यभर पिंपरी-चिंचवडमध्ये राहिलेला. स्प्रिंग कुठे मिळते हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. भोसरी एमआयडीसीत गल्लोगल्ली स्प्रिंगवाले होते. पण ते ट्रकच्या आणि क्लचच्या स्प्रिंग करणारे. सात गाळ्यांतून नकार घेऊन तो आठव्यात शिरला. तिथे हरिहरकाका भेटले. सत्तरी उलटलेले, डोळ्याला भिंग लावून बसलेले. मीटरच्या आणि पेनांच्या स्प्रिंग ते अजून स्वतः वळत.

त्यांनी नमुना चिमट्यात धरून उजेडाकडे केला. "किती हव्यात?"

"साठ. यापेक्षा निम्म्या जोराच्या."

"साठ स्प्रिंगांसाठी मशीन लावायचं? कशात बसवणार?"

धम्मपालनं कीबोर्डचं सांगितलं आणि बाईच्या हाताचं सांगितलं.

"प्रेसवर गेली ना बोटं?" हरिहरकाकांनी भिंग काढलं. "या भागात ते वेगळं विचारावं लागत नाही. सेन्सर नव्हता?"

"होता."

"चालू होता?"

धम्मपाल त्यांच्या हातातल्या चिमट्याकडे बघत राहिला. गाळ्यात मागे कुठेतरी मोटर घरघरत होती. हरिहरकाकांनी नमुना कागदात गुंडाळून ठेवला.

"शुक्रवारी या," ते एवढंच म्हणाले.

शुक्रवारच्या स्प्रिंग भलत्याच हलक्या झाल्या. बटन दाबलं की खालीच बसायचं, वर यायचं नाव घेईना. पुन्हा तार बदलली, पुन्हा वळून भट्टीत भाजली. तिसऱ्या खेपेला काट्यावर अठ्ठावीसचा आकडा आला. धम्मपालनं लागोपाठ दहा स्प्रिंग बसवून पाहिल्या. सत्तावीस, अठ्ठावीस, अठ्ठावीस. बटन अलगद खाली जायचं आणि तितकंच अलगद वर यायचं. त्यानं तेच बटन पुन्हा पुन्हा दाबून पाहिलं.

रविवारी सकाळी तो जेवणाच्या टेबलावर उरलेले स्विच उघडत बसला होता. दीक्षा विहारात जायला तयार होऊन समोर उभी राहिली. तिनं पर्स खाली ठेवली आणि खुर्ची ओढून बसली.

"दोन महिने झाले, तुम्ही विहारात येत नाही. त्या बाईचं नाव काढलं की उठून जाता. आणि तिच्यासाठी हा एवढा खटाटोप. मला नीट सांगा, काय झालंय?"

त्यानं सांगितलं. हातातला चिमटा खाली न ठेवता, मान वर न करता, जंपरपासून सहीपर्यंत आणि वर्षालीच्या घरच्या चहापर्यंत सगळं सांगितलं.

"त्या कागदावर सही तुमची आहे?" शेवटी तिनं विचारलं.

"माझी."

"तो कागद अजून तिथेच आहे?"

"असणार."

"मग ही बटनं मोजत काय बसलात?"

"दीक्षा, नोकरी जाईल. या वयात बाहेर कोण उभं करणार मला?"

"जाईल," ती म्हणाली. "मला पण भीती वाटतेय. पण त्या बाईनं तुम्हाला चहा करून पाजलाय." ती उठली आणि एकटीच विहारात गेली.

जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारी धम्मपाल सगळे ठोकळे घेऊन कुरुळीला गेला. डावीकडे चार, उजवीकडे दोन. लोखंडी पत्र्यावर ते चुंबकानं चिकटत होते. वर्षालीनं हात ठेवला, एक ठोकळा थोडा आत घेतला, एक तिरपा केला. मग ती टाइप करू लागली. आधी एकेक अक्षर, मग शब्द. पाच मिनिटं झाली, दहा झाली. तिनं तर्जनी डोळ्यांसमोर धरून पाहिली. बोट सुजलं नव्हतं.

"आई, बघा!" तिनं सासूला हाक मारली. मग धम्मपालकडे वळली. तिचे डोळे भरले होते. "दादा, सख्खा भाऊ करणार नाही एवढं केलंत. तुमचे उपकार कसे..."

"थांबा ताई," धम्मपाल म्हणाला. "त्या दिवशी सेन्सर बंद होता. मी बंद केला होता."

वर्षालीला आधी कळलंच नाही. त्यानं पुन्हा सांगितलं. गुरुवारचं सांगितलं, सोमवारचं सांगितलं. ऐकता ऐकता तिचा चेहरा असा काही बदलत गेला की त्याला तिथून पळून जावंसं वाटलं.

"तीन महिने," ती म्हणाली. आवाज अगदी हळू होता. "तीन महिने मी स्वतःला विचारतेय, मी खरंच बाजूनं हात घातला होता का? मला तर समोरून घातल्याचं आठवतंय. पण सगळे म्हणाले, तू बाजूनं घातलास, तुझंच चुकलं. माझा नवरासुद्धा म्हणाला. मग मला वाटलं, माझं डोकंच फिरलंय. मी मान्य करून टाकलं. आणि तुम्हाला माहीत होतं. तुम्ही इथे बसून माझे हात आखत होतात आणि तुम्हाला माहीत होतं."

केसरबाई पुढे आली. मघाशी त्याच्यापुढे ठेवलेला पाण्याचा तांब्या तिनं उचलला आणि आत नेला. "तुमी बाहेर बसा," ती म्हणाली.

धम्मपाल ओट्यावर जाऊन बसला. समोरच्या रस्त्यानं कंटेनर जात होते, धूळ उडत होती. आतून रडण्याचा आवाज आला, मग भांडं आपटल्याचा. निघून जावं की थांबावं, हे त्याला ठरवता येईना. अर्ध्या तासानं वर्षाली दारात आली. तोंड धुतलेलं होतं.

"आत या. सगळं सांगा, पहिल्यापासून. मी टाइप करते."

ती त्याच कीबोर्डपुढे बसली. धम्मपाल उभ्यानं सांगू लागला. ती मध्ये मध्ये थांबवून विचारत होती, तेही त्याच्याकडे न बघता.

"तारीख?"

त्यानं सांगितली.

"'सेन्सर बंद करण्यात आला' असं लिहू?"

"नाही. 'मी बंद केला' असं लिहा."

"सांगितलं कुणी?"

"नवनाथनं. तेही लिहा. पण केला मी."

दीड पान झालं. शेजाऱ्यांच्या मुलीनं ते छापून आणून दिलं. वर्षालीनं त्याला वाचायला लावलं, अगदी मोठ्यानं. मग त्यानं सही केली. ती म्हणाली, "आता जा."

सोमवारी रजा टाकून त्यानं तो कागद फॅक्टरी इन्स्पेक्टरच्या कार्यालयात दिला आणि एक प्रत कंपनीत. संध्याकाळी नवनाथचा फोन आला. "मी असं काही बोललोच नव्हतो राव," तो म्हणाला. "तू मला पण बुडवलंस आणि स्वतः पण बुडालास." आठवड्याभरात धम्मपालला निलंबनाचं पत्र मिळालं आणि मार्चमध्ये कामावरून काढल्याचं. जंपर टाकला हे त्यानं स्वतःच कबूल केलं होतं, त्यामुळे भांडायला जागा नव्हती. जे जोडीदार त्याला मान देत, त्यातले बरेच जण आता फोन उचलत नाहीत. सात नंबरच नाही, तर सगळ्याच प्रेसची तपासणी लागली आणि काम दोन दिवस बंद राहिलं, याचा राग त्यांच्या मनात आहे.

स्टोअरमधली टायपिंगची परीक्षा झालीच नाही. वर्षालीला कंपनीनं पुन्हा बोलावलं नाही. तिनं मग चाकणच्या बाजारपेठेत अर्ज-दाखले करून देणाऱ्या एका केंद्रात काम धरलं. ठोकळे ती पिशवीतून रोज नेते-आणते. धम्मपाल आता भोसरीत लहान गाळ्यांची पॅनेल दुरुस्त करतो. काम कधी असतं, कधी नसतं. दीक्षानं त्याला एका शब्दानं बोल लावलेला नाही, पण घरात पूर्वीइतकं बोलणंही होत नाही.

एप्रिलमध्ये एका बटनातून दोन-दोन अक्षरं उमटू लागली. वर्षालीनं तो ठोकळा नवऱ्याच्या हातून पाठवला. सोबत चिठ्ठीवर कोणतं बटन ते लिहिलं होतं. बाकी काही नाही. धम्मपालनं स्विच बदलला, शेजारचे दोनही तपासले आणि ठोकळा परत पाठवला.

चौकशीची पहिली सुनावणी जूनच्या सुरुवातीला लागली. कार्यालयाबाहेरच्या बाकावर वर्षाली आणि केसरबाई आधीच येऊन बसल्या होत्या. दुसरं बाक नव्हतं. धम्मपाल थोडा वेळ भिंतीला टेकून उभा राहिला. मग केसरबाईनं पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि कडेला जागा झाली. तो तिथे बसला. तिघंही समोरच्या दाराकडे बघत होती. तासाभरानं शिपायानं नावं पुकारली. वर्षाली उठून आत गेली आणि तिच्यामागून धम्मपाल.